मुंबईचा समाज समजून घ्यायचा तर काय वाचावं, कोणत्या क्रमाने?

कांजूर_पूर्व

मंडळी, मुंबईचा आणि एकूण महाराष्ट्राचा समाज नीट समजून घ्यायचाय. जात, भाषा, कामगार, घरं, सण, बायकांचं जगणं, सगळंच. सध्याचं वाचन म्हणजे एक मराठी दैनिक, मोबाइलवर येतील त्या बातम्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड. काय घडलं ते कळतं, का घडलं ते कळत नाही. परीक्षेसाठी नाही, तेव्हा 'चालू घडामोडी'ची पुस्तकं नकोत. जाता-येता मिळून रोज तासभर मिळतो आणि महिन्याला पाचशेपर्यंत खर्च चालेल. इंग्रजी वाचता येतं, पण वेग मराठीतच. कृपया पन्नास पुस्तकांची यादी देऊ नका. क्रम सांगा, आणि फसगत कुठे होते तेही.

रद्दीचा_गठ्ठा

कांजूरकर, क्रम मागितलात ते बरं केलंत. सगळा समाज एकदम वाचता येत नाही. आधी एकच विषय धरा, हाताला लागेल असा: मराठी शाळा, फेरीवाले, चाळींचा पुनर्विकास, गिरणी कामगारांची घरं, काहीही. मग तोच विषय चार वेगांनी वाचा. रोजचं दैनिक, आठवड्या-महिन्याचं नियतकालिक, वर्षाचा दिवाळी अंक आणि दहा-वीस वर्षांचा पल्ला असलेलं पुस्तक किंवा जनगणना. आपण सगळे पहिल्या वेगावर अडकतो, म्हणून 'का' कळत नाही.

दैनिकाबद्दल जरा सविस्तर, कारण तास तिथेच वाया जातो. दोन दैनिकं पुरे. एक मराठी, दुसरं इंग्रजी किंवा हिंदी, आणि दोघांचे मालक वेगळे हवेत. वेबसाइट वाचू नका, ई-पेपर वाचा. वेबसाइटवर जास्त क्लिक मिळवणारं वर येतं. छापील पानावर मात्र दिसतं की कोणत्या बातमीला पाच स्तंभ दिले आणि कोणती आत सातव्या पानावर खाली ढकलली. ही निवड हीच निम्मी माहिती. ई-पेपर उघडल्यावर आवृत्ती बघा: मुंबई, ठाणे, नवी मुंबई वेगवेगळ्या असतात आणि वस्तीपातळीच्या बातम्या बहुतेकदा पुरवणीच्या आतल्या पानांवर सापडतात.

पानं उलट्या क्रमाने वाचा. आधी जाहीर नोटिसा. वकिलांनी दिलेल्या मालकीहक्काच्या नोटिसा, 'साधारण चौदा दिवसांत हरकत घ्यावी' अशा. कुठली चाळ, कुठला भूखंड हलायला लागलाय हे बातमीच्या कितीतरी आधी तिथे कळतं. मग स्थानिक पानं, वाचकांची पत्रं, अग्रलेख. पहिलं पान शेवटी, कारण ते तुमच्यापर्यंत तसंही पोचलेलं असतं.

बातमी वाचताना आधी तिचा उगम बघा. 'वृत्तसंस्था' किंवा 'पीटीआय' असेल तर तोच मजकूर बाकीच्या पेपरांतही थोड्या फरकाने असणार, तीन ठिकाणी वाचून काही मिळत नाही. नाव असलेली बातमी असेल तर ते नाव लक्षात ठेवा. दोन-तीन महिन्यांत कळतं की गृहनिर्माण कोण नीट लिहितं, महापालिका कोण. नुसतं 'प्रतिनिधी' असेल आणि दोन पेपरांत वाक्यंच्या वाक्यं सारखी असतील, तर ते प्रसिद्धिपत्रक आहे. मथळा बहुधा बातमीदाराचा नसतो, डेस्कवरच्या उपसंपादकाचा असतो. म्हणून मथळा आणि तिसरा परिच्छेद यांत विसंगती दिसली की तिसऱ्या परिच्छेदावर विश्वास ठेवा.

घरांच्या पुरवण्या जाहिरातीच धरून चाला. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' किंवा तत्सम काहीतरी छापलेलं असतं. निवडणुकीच्या दिवसांत ते बारीक अक्षरही गायब होऊ शकतं. २००९च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज' हा विषय गाजला आणि २०१० साली प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल तयार केला. तेव्हा पकडायची खूण साधी होती: प्रतिस्पर्धी पेपरांत उमेदवारावरचा मजकूर शब्दशः सारखा. आजही तीच खूण चालते.

अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला मुद्रक, प्रकाशक, मालक आणि बातम्यांच्या निवडीला जबाबदार संपादक यांची ओळ असते. १८६७चा कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून २०२३चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला, तरी ही ओळ आहेच. नव्याने हाती आलेल्या कुठल्याही पत्राचा किंवा साप्ताहिकाचा मालक कोण, हे पहिल्या दिवशी तिथे बघून घ्या.

टीव्हीवरच्या चर्चा सोडून दिल्या तरी काही बिघडत नाही.

आता तुम्ही विषय सांगा, मग पुढचं बोलता येईल.

कांजूर_पूर्व

धन्यवाद! विषय ठरवला: बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी. वरळीच्या बातम्या सतत येतात आणि त्यात घरं, जात, कामगार, राजकारण सगळंच दिसतं.

रद्दीचा_गठ्ठा

उत्तम विषय, आणि पहिली फसगत लगेच दाखवतो. एका बातमीत १९५ इमारती असतात, दुसरीत २०७. दोन्ही बरोबर आहेत. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. सगळ्या मिळून २०७. पण शिवडीची जमीन बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राची, म्हणून म्हाडाच्या प्रकल्पात पहिली तीनच ठिकाणं येतात. १९५ म्हटलं की प्रकल्प, २०७ म्हटलं की वारसा. विकास नियंत्रण नियमावलीतलं ३३(९)(ब) हे कलम बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं. ते मूळ कलम एकदा वाचा, चार-पाच पानांचं काम आहे. त्यानंतर पुनर्विकासाच्या बातम्या निम्म्या वेळात वाचून होतील.

दुसरी गल्लत बीआयटी आणि बीडीडी यांची. बीआयटी म्हणजे प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेला सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट). त्याच्या चाळी आज महापालिकेकडे आहेत. बीडीडी म्हणजे १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात सुरू झालेलं विकास खातं. त्याच्या चाळी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. परळला डॉ. आंबेडकर राहत ती चाळ बीआयटीची, हे बातम्यांतसुद्धा कधीकधी चुकतं. शोधताना दोन्ही शब्द टाका, पण नोंदी वेगळ्या ठेवा.

एक साधी वही करा. डाव्या पानावर तारीख, पेपर, कोण बोललं, किती घरं, कधीपर्यंत. उजवं पान कोरं सोडा. सहा महिन्यांनी त्याच आश्वासनाचं काय झालं ते तिथे लिहायचं. भूमिपूजन एप्रिल २०१७चं, वरळीत ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५मध्ये. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचं घर, हे सगळे लिहितात. देखभालीचा महिन्याचा खर्च कोण आणि किती दिवस भरणार, हे कोण लिहितं ते शोधा. तो बातमीदार धरून ठेवा.

आकडेमोड

मी दशकाच्या वेगाबद्दल लिहितो. आकडे कंटाळवाणे नसतात, पण चुकीच्या रकान्यात बघितले की माणूस पार भलतीकडे जातो.

पहिला प्रश्न: 'मुंबईची लोकसंख्या' म्हणजे कुणाची? २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा ३०.८५ लाख, उपनगर जिल्हा ९३.५७ लाख, दोन्ही मिळून बृहन्मुंबई सुमारे १.२४ कोटी. ठाणे, कल्याण, नवी मुंबई वगैरे धरून जे नागरी संकुल होतं ते १.८४ कोटी. लेखकाने टक्केवारी यांतल्या कशाची काढली ते सांगितलं नसेल, तर टक्केवारी सोडून द्या. आणि हे सगळं २०११चं आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची. 'ताज्या जनगणनेनुसार' असं कुणी लिहिलं की कुठली ते विचारा.

जातीच्या टक्केवारीवर तर आणखी सावध राहा. अनुसूचित जाती-जमाती दर जनगणनेत मोजल्या जातात, बाकीच्या जातींची सर्वंकष गणना प्रसिद्ध झाली ती १९३१ची. तेव्हा मुंबईत अमुक जात इतके टक्के, असा नेमका आकडा दिसला की तो अंदाज आहे, आणि अंदाज करणाऱ्याला बहुधा त्यातून काहीतरी मागायचं असतं. १९३१च्या तक्त्यांत मुंबई शहराची जातवार माहिती आहे आणि बीडीडी चाळी तेव्हा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे तुमच्या विषयाला तो खंड उपयोगी पडेल.

अनुसूचित जाती आणि बौद्ध हे दोन आकडे एकत्र मिळवायचे नाहीत. १९९०पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत नोंद करता येते, त्यामुळे एकच माणूस दोन्ही तक्त्यांत असतो. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले (२०११), म्हणून ही चूक आपल्याकडे सगळ्यांत महाग पडते.

भाषेसाठी जनगणनेतला सी-१६ हा तक्ता. 'मुंबईत हिंदी वाढली, मराठी घटली' या वादात दोन्ही बाजू त्याचेच आकडे देतात. पण जनगणनेच्या 'हिंदी'त भोजपुरी, राजस्थानी, मारवाडी अशा कितीतरी मातृभाषा एकत्र केलेल्या असतात. देशभरात एकट्या भोजपुरीचेच ५ कोटींहून जास्त लोक त्या रकान्यात आहेत. तक्त्यात मुख्य भाषेखाली मातृभाषांच्या उपनोंदी असतात, त्या उघडून बघा. शिवाय प्रश्न मातृभाषेचा आहे, रोज बोलता ती भाषा कोणती याचा नाही.

बायकांच्या जगण्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी. त्यावर २०१९-२१ लिहिलेलं असलं तरी महाराष्ट्रातलं घरोघरचं काम २०१९मध्येच उरकलेलं होतं. म्हणजे ते कोविडच्या आधीचं चित्र आहे, लॉकडाऊनचा परिणाम दाखवायला ते वापरणारा लेख बाजूला ठेवा. जिल्ह्याची पत्रिका सहा-सात पानांची आणि फुकट मिळते. त्यात काही आकडे कंसात असतात: तिथे नमुना २५ ते ४९ जणांचाच असतो. फुली (*) असेल तर २५पेक्षाही कमी. पत्रकार हे कंस बऱ्याचदा गाळतात.

वॉर्डाचीही तीच तऱ्हा. जी उत्तर वॉर्डात शिवाजी पार्कही येतं आणि धारावीही. त्याची सरासरी दोन्हीकडे कुणालाच लागू पडत नाही. एम पूर्व म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनार. तिथल्या सरासरीला थोडा तरी अर्थ आहे. अक्षरांचे प्रशासकीय वॉर्ड आणि नगरसेवकांचे २२७ प्रभाग हे वेगळे नकाशे आहेत, ते एकमेकांवर ठेवू नका. महापालिकेच्या सेवांवर प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचे अहवाल दरवर्षी येतात. बहुतेक आकडे माहिती अधिकारात मिळवलेले असतात आणि कोणता आकडा कुठून घेतला ते दिलेलं असतं. आधी शेवटची परिशिष्टं वाचा, मग सुरुवातीचा सारांश.

कांजूर_पूर्व

कंसाचं माहीतच नव्हतं. पुस्तकं आणि जुनं साहित्य कुठून मिळवायचं? सगळं विकत घेणं पाचशेत बसत नाही.

नायगाव_संदर्भ

पाचशेतले थोडे ग्रंथालयाच्या वर्गणीला बाजूला काढा, बाकीचं फुकटात भागतं.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) दादर पूर्वेला आहे, तिथला संदर्भ विभाग जुन्या मराठी नियतकालिकांसाठी. तुम्हाला ठाणं जवळ पडत असेल तर तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहूनही पाच वर्षं जुनं, १८९३चं. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, आणि तिथल्याच राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची गंमत अशी की १९५४च्या कायद्याने देशातल्या प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यांतलं हे एक. सरकारी कागद हवे असतील तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेख संचालनालय. तिथे नुसतं 'चाळी' म्हणून मागितलं तर काही हाती लागत नाही. खात्याचं नाव, वर्ष आणि विषय अशा क्रमाने सूची बघायची असते. बीडीडीसाठी 'विकास खातं, १९२० ते १९३०' असं धरा. ओळखपत्र, शिसपेन्सिल आणि कामाच्या दिवसाचा मोकळा वेळ. शनिवार-रविवारच्या भरवशावर जाऊ नका, आधी फोन करा.

घरबसल्या: एशियाटिकचं 'ग्रंथसंजीवनी', मराठी विकिस्रोत, मराठी विश्वकोश, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ पुस्तकं. मंडळाच्या यादीत समाजावरचं बरंच काही आहे आणि लोकांना त्याचा पत्ता नसतो. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुस्तक हक्कमुक्त होतं, त्यामुळे १९६०च्या आधी वारलेल्या बहुतेकांचं लेखन कायदेशीरपणे फुकट वाचता येतं.

जुन्या मराठीत शोधताना हमखास अडतं ते शुद्धलेखनावर. १९६२च्या नियमांआधी 'नाहीं', 'घरें', 'मुंबईंत', 'करणें' असे अनुस्वार असत. संगणकाने वाचलेल्या मजकुरात 'मुंबईत' टाकलंत तर तिथलं 'मुंबईंत' सापडणार नाही. दोन्ही रूपं टाका, किंवा शब्दाचा अनुस्वार नसलेला तुकडाच टाका. मुखपृष्ठावर शके असेल तर ७८ मिळवा. साल चैत्रात बदलतं, म्हणून पौष-माघातल्या अंकाला ७९.

क्रम मागितला होतात, तर माझा असा. मुंबईसाठी गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' (१८६३) चाळून घ्या, सलग वाचायचं नाही, बाजार, सण आणि जातींची प्रकरणं तेवढी. मग खेड्याचा पाया कळायला त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५): चाळीत आलेला माणूस गावातून काय घेऊन आला ते तिथे आहे. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी होते हे मात्र वाचताना विसरू नका, काही जमातींबद्दलचे त्यांचे शेरे खात्याच्या चष्म्यातून आलेत. तिसरं, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावावरचं पुस्तक (२००४), कामगारांच्या स्वतःच्या तोंडचं. मराठीत भाषांतर आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप पेपरातून कामगार नेते दत्ता सामंतांचा वाटतो. या पुस्तकात तो खोल्यांमधला, उधारीचा, गावी परत गेलेल्या बायका-मुलांचा होतो. चौथं, दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). एवढ्या चौघांनंतर पुढचं काय ते तुम्हालाच सुचेल.

मुंबईचं १९०९-१०चं तीन खंडी गॅझेटिअर संदर्भाला ठेवा. रस्ते, घरं, व्यापार यासाठी भरवशाचं. त्यात 'अमुक जातीचे लोक असे असतात' या थाटाची वाक्यं आली की ती वसाहतीच्या अधिकाऱ्याची नजर म्हणून वाचायची, माहिती म्हणून नाही.

बीडीडीसाठी अजून एक: मुंबईच्या कामगार कार्यालयाचं 'लेबर गॅझेट' १९२१पासून निघायचं. भाडं, धान्याचे भाव, कामगार कुटुंबाचा महिन्याचा खर्च, सगळं त्यात आहे. इतक्या टंचाईच्या काळात बांधलेल्या या चाळींतल्या खोल्या सुरुवातीला रिकाम्या का राहिल्या, हा प्रश्न घेऊन बसा. भाड्याचा आकडा आणि पगाराचा आकडा शेजारी ठेवलात की उत्तर सापडायला लागतं.

मदनपुरा_ते_माहीम

वरचं सगळं पटतं, पण एक मोठं भोक राहिलंय. मुंबईचा समाज फक्त मराठी आणि इंग्रजीतून वाचलात तर शहराचा बराच भाग दिसणारच नाही. इथे १८२२पासून 'मुंबई समाचार' गुजरातीत निघतो, आशियातलं सलग चालू असलेलं सगळ्यांत जुनं वृत्तपत्र. पारशांचा 'जाम-ए-जमशेद' १८३२चा, कॅथलिकांचा 'एक्झॅमिनर' १८५०चा, उर्दूतला 'इन्किलाब' १९३८चा. एखाद्या समाजाचं पत्र वाचायचं तर अग्रलेखापेक्षा निधनवार्ता, लग्नाच्या जाहिराती, शिष्यवृत्त्यांच्या सूचना आणि ट्रस्टच्या निवडणुका बघा. त्या समाजाला रात्री झोप कशाने लागत नाही ते तिथे कळतं.

गुजराती लिपी देवनागरी वाचणाऱ्याला आठवड्याभरात येते, शिरोरेषा नाही आणि आठ-दहा अक्षरं तेवढी वेगळी. उर्दूला वेळ लागेल. तोवर मोबाइलवरचं भाषांतर वापरलंत तर नावांवर भरवसा ठेवू नका: उर्दू लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेले नसतात, त्यामुळे मोहल्ल्यांची आणि माणसांची नावं यंत्र काहीच्या काही करतं. तारीख आणि आकडा जुळवून तीच घटना मराठी पेपरात शोधा आणि नावं तिथून घ्या.

दुसरं, कांजूरकर, तुमच्या विषयाला दलित नियतकालिकांशिवाय हात लावू नका. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० आणि 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७, दोन्ही मुंबईतली. राज्य शासनाने छापलेल्या डॉ. आंबेडकरांच्या खंडांमुळे ती मिळतात, खंड स्वस्तही असतात, फक्त सतत 'शिल्लक नाही' असतात. आलेत कळलं की लगेच घ्या. मग जानेवारी १९७४ची वरळीच्या बीडीडी चाळींतली दंगल. त्या वर्षाच्या जानेवारी ते एप्रिलचे तीन वेगवेगळे पेपर आणि तिची चौकशी करणाऱ्या न्या. भस्मे आयोगाचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. पेपरात 'दोन गटांत हाणामारी' असतं. अहवालात कोण कुठल्या इमारतीत होतं, पोलीस कुठे होते, हे क्रमाने येतं. आयोगाचे निष्कर्ष पटोत न पटोत, साक्षींसाठी तो वाचायचाच.

आकडेमोड

मदनपुरा, लग्नाच्या जाहिरातींचं शंभर टक्के मान्य. 'जातीची अट नाही' याच्या पुढच्याच शब्दात काय लिहिलंय ते बघावं.

रद्दीचा_गठ्ठा

मधल्या वेगाचं राहिलं. साप्ताहिकांत 'साधना', १९४८ साली साने गुरुजींनी सुरू केलेलं. जुने अंक ऑनलाइन आहेत. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मुंबईतूनच निघतं. त्यातले संशोधनलेख सुरुवातीला जड जातात, तेव्हा पुढच्या पानांवरची छोटी टिपणं आणि पुस्तक-परीक्षणं वाचा. एखाद्या विषयावर कोण काय भांडतंय हे परीक्षणात दोन पानांत कळतं. स्त्रियांच्या प्रश्नांवर 'मिळून साऱ्याजणी'. ग्रामीण कामाधंद्यावर पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ मराठीतही येतं, फुकट आहे, आणि मुंबईत आलेला माणूस काय सोडून आला ते तिथे दिसतं.

दिवाळी अंक: १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला काढला, तेव्हापासून आपल्याकडे दीर्घ लेखाची हीच जागा. विकत एकच घ्या, एका विषयाला वाहिलेला. बाकीचे ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेतून. अनुक्रमणिकेत रिपोर्ताज किती आणि राशिभविष्याला पानं किती, एवढं मोजलं तरी अंक कळतो. डिसेंबर-जानेवारीत घाई कमी होते, तेव्हा योजनेतले चांगले अंक हाती लागतात.

कांजूर_पूर्व

शेवटचा प्रश्न, मग पिडत नाही. ग्रुपवर 'शासनाचा नवा निर्णय' म्हणून रोज काहीतरी येतं. त्यातलं खरं कसं ओळखायचं? मागच्याच आठवड्यात चाळकऱ्यांच्या पात्रतेबद्दल एक फिरत होता.

नायगाव_संदर्भ

शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं: हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे साल, महिना, दिवस. ते वरच्या तारखेशी जुळत नसतील तर तिथेच थांबा. जुळले तर संकेतस्थळावर संकेतांक टाकून मूळ पीडीएफ उतरवा आणि फॉरवर्डमधल्या पानांशी पानसंख्या जुळवा. पुष्कळदा निर्णय खरा असतो, फक्त मधलं एक पान गाळलेलं असतं, आणि अटी नेमक्या त्याच पानावर असतात.

मग वर काय लिहिलंय ते बघा: शासन निर्णय, परिपत्रक, की अधिसूचना. परिपत्रक आधीच्याच निर्णयाचं स्पष्टीकरण देतं, त्याला 'नवा निर्णय' म्हणत नाहीत. अधिसूचनेत 'प्रारूप' हा शब्द असेल तर ते अजून लागूच झालेलं नाही, हरकती-सूचना मागवल्यात. आणि 'वाचा' या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, क्रमांक व तारखांसह. फॉरवर्ड खोटा निघाला तरी ती यादी मूळ निर्णयातून उतरवून घ्या. एका यादीवरून मागचा, त्यावरून त्याच्या मागचा, असं करत चाळकऱ्यांच्या पात्रतेची तारीख कधी कधी बदलली ते एका संध्याकाळी वहीच्या उजव्या पानावर येईल.

कांजूर_पूर्व

उद्या ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात चौकशी करतो. ३३(९)(ब) आत्ताच उघडलंय, परिशिष्टासकट.

रद्दीचा_गठ्ठा

त्यात पात्रतेची व्याख्या आणि संक्रमण शिबिराचं कलम आधी वाचा. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) नंतर.